शॉर्टफिल्म झाली, आता हिशेब: ग्रुपने केलेल्या कामाचं परीक्षण कसं लिहायचं

कॉलेजच्या शॉर्टफिल्मसोबत जो रिपोर्ट द्यावा लागतो, त्याचं शेवटचं पान वाचायची वेळ माझ्यावर वरचेवर येते. ठाण्यात एडिटिंगचं काम करतो, त्यामुळे मास मीडियाची पोरं कट दाखवायला येतात आणि निघताना म्हणतात, "दादा, हे रिफ्लेक्शनपण बघा ना जरा." त्या पानावर काय असेल ते न उघडताही सांगता येतं. 'या प्रोजेक्टमधून आम्हाला टीमवर्कचं महत्त्व समजलं. वेळेचं नियोजन शिकलो. अनेक अडचणी आल्या पण आम्ही त्यांवर मात केली.'

यातलं एकही वाक्य खोटं नसतं आणि एकाही वाक्याचा त्या फिल्मशी संबंध नसतो. नावं बदलून शेजारच्या ग्रुपच्या फाइलला जोडलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. परीक्षण असं होतं, कारण ते आठवणीतून लिहिलेलं असतं, तेही सबमिशनच्या आदल्या रात्री. खरं तर फिल्म करताना तुमच्या हातून ढीगभर पुरावा तयार झालेला असतो: ड्राफ्ट, क्लिपा, चॅट, बिलं. तो समोर ठेवून आपण कधी काय ठरवलं, का ठरवलं आणि त्याचं पडद्यावर काय झालं, एवढंच शोधायचं असतं. ते कसं करायचं ते इथे क्रमाने सांगतो.

१. फायनल एक्सपोर्टच्या रात्री: प्रत्येकाची व्हॉइस नोट

त्या रात्री मीटिंग घेऊ नका. सगळे दमलेले असतात, कुणी ना कुणी चिडलेलं असतं. प्रत्येकाने एकट्याने फोनवर दहा मिनिटं बोलून ठेवायचं: काय जमलं, काय फसलं, कुठे राग आला. हे रेकॉर्डिंग कुणालाही पाठवायचं नाही.

याचं कारण साधं आहे. फिल्म एकदा वर्गात दाखवली, चार लोकांनी टाळ्या वाजवल्या, की सगळ्या ग्रुपची आठवण एकसारखी होते, आणि ती बहुतेक वेळा दिग्दर्शकाची आठवण असते. लाईट धरून उभ्या असलेल्या पोरीला त्या दिवशी काय दिसलं होतं, हे नंतर तिलाही आठवत नाही.

२. तीन-चार दिवसांनी: माल गोळा करा

एका फोल्डरमध्ये सगळं आणा. पटकथेचे सगळे ड्राफ्ट, म्हणजे 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच फायनल' हेसुद्धा. नावांवर विश्वास ठेवू नका, फाइल शेवटची कधी बदलली त्या तारखेने लावा. कॉलशीट (कुणी किती वाजता कुठे यायचं तो कागद) असेल तर ती. नसेल तर 'उद्या ७ ला उपवन, डॉट' हा मेसेज हीच तुमची कॉलशीट. शॉट लिस्ट, साउंडच्या फायली, एडिटच्या सगळ्या आवृत्त्या, यूपीआयचे व्यवहार. आणि मूळ फुटेज, न कापलेलं, खराब टेकसकट. बऱ्याच ग्रुपमध्ये जागा नाही म्हणून एनजी (नो गुड, म्हणजे फसलेले) टेक डिलीट करून टाकतात. परीक्षणासाठी सगळ्यात कामाचा माल तोच असतो.

व्हॉट्सॅप ग्रुपचं चॅट मीडियाशिवाय एक्सपोर्ट करा. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि वेळ असलेली मजकुराची फाइल मिळते. त्यात 'ठरलं', 'कॅन्सल', 'उशीर', 'नको' असे शब्द सर्च करा. कोणता निर्णय कधी झाला आणि कुणाला न विचारता झाला, हे यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कशातूनच दिसत नाही. (दिग्दर्शकाला वगळून केलेला दुसरा ग्रुपही असणारच. तो तिथेच राहू द्या.)

३. ठरलेलं आणि घडलेलं

आता शूटिंगच्या प्रत्येक दिवसासाठी एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे कॉलशीटप्रमाणे वेळा, उजवीकडे प्रत्यक्षातल्या. प्रत्यक्षातल्या वेळा क्लिपच्या फायलींवरून मिळतात. फोनचं घड्याळ बरोबर असतं, पण भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याचं बरेचदा चुकीचं असतं. एखाद्या क्लिपमध्ये भिंतीवरचं घड्याळ किंवा कुणाचा फोन दिसत असेल तर त्यावरून फरक काढा आणि तो सगळ्या क्लिपांना लावा.

समजा कॉल सातचा होता आणि पहिली क्लिप नऊ पन्नासची आहे. मधल्या जवळजवळ तीन तासांचं काय झालं? 'लोक उशिरा आले' एवढ्यावर सोडू नका. नीट पाहिलं तर सात जणांपैकी पाच जण सव्वासातला हजर होते, पण ट्रायपॉड एकाकडे, बॅटऱ्या दुसरीकडे आणि कपडे तिसरीकडे अशी वाटणी होती, आणि उशीर नेमका ट्रायपॉडवाल्याला झाला. म्हणजे सामान कुणाच्या घरी ठेवायचं हा आदल्या रात्रीचा निर्णय नडला. दुपारचा भाग नेरुळला होता आणि अर्धं युनिट लोकलने निघालं. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा ब्लॉक असू शकतो हे ठाणेकराला शिकवायला नको, तरी कॉलशीट करताना रेल्वेचं वेळापत्रक कुणी उघडलं नव्हतं. दीड तास तिथे गेला, मग उन्हाचा कोन बदलला, मग पाम बीच रोडजवळच्या सीनचे क्लोजअप वाइड शॉटशी (लांबून सगळी जागा दाखवणाऱ्या) जुळले नाहीत. कागदावर ही साखळी अशी मांडली की 'लाइटिंग मॅच नाही' हा दोष एकट्या कॅमेऱ्यावाल्याच्या माथी बसत नाही.

त्याच कागदावर आणखी एक हिशेब करा. एकूण फुटेजची मिनिटं भागिले फिल्मची मिनिटं. सात मिनिटांच्या फिल्मसाठी चौऱ्याऐंशी मिनिटं शूट केलं असेल तर बारास एक. हा आकडा चांगला की वाईट, याला अर्थ नाही, सीनवार पाहा. माझ्या पाहण्यात तरी सगळ्यात जास्त टेक अवघड सीनला लागलेले नसतात. सकाळी जो पहिला सीन लावला, त्याला लागलेले असतात, कारण नटही नवखे आणि युनिटही नवखं. मग पुढच्या वेळी पहिला सीन कोणता लावायचा याचं उत्तर तिथेच मिळतं: चालत जाणारी पाठ, दार उघडणारा हात, असलं काहीतरी.

४. फिल्म तीनदा बघा, तीन वेगळ्या तऱ्हेने

पहिल्यांदा आवाज बंद करून. गोष्ट कळते का? कोण कुठे बसलंय, कोण कुणाकडे पाहतंय, हे गोंधळात टाकतं का? दोन माणसं समोरासमोर बोलताना अचानक एकाच दिशेला पाहताना दिसली, तर कॅमेऱ्याने त्या दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडली आहे. कोणत्या शॉटला, ते टाइमकोडसकट (कितव्या मिनिट-सेकंदाला) लिहा.

दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त कानांनी, हेडफोन लावून. हा प्रयोग सगळ्यांना जड जातो. कट बदलला की मागचा गुणगुणाट बदलतो. पंख्याचा आवाज येतो आणि पुढच्या वाक्याला गायब होतो. याचा अर्थ त्या खोलीचा अँबियन्स, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा मागचा आवाज, वेगळा घेतलेला नाही. सगळ्यांनी गप्प उभं राहून तीस सेकंद रेकॉर्ड केलं असतं तर एडिटरला तो थर खाली अंथरता आला असता.

तिसऱ्यांदा हातात पटकथा घेऊन. कोणतं वाक्य गळलं, कोणतं सेटवर बदललं, कोणता सीन एडिटमध्ये पुढेमागे झाला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा अंदाज तुमच्या बाबतीत कितपत खरा ठरला तेही इथे कळतं.

तांत्रिक दोष दिसले की त्यांचं कारणही लिहा, कारण ते नेमकं सांगता येतं. घरातल्या सीनमध्ये ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. फोन ऑटोवर सोडला की तो शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ) स्वतःच्या मर्जीने बदलत राहतो. शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक केलं असतं तर हे टळलं असतं. लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फाकत जातात? फोन बरेचदा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) कमीजास्त करत रेकॉर्ड करतो आणि वेगळा रेकॉर्डर स्वतःच्या घड्याळावर चालतो. एडिटला घेण्याआधी फुटेज एकसारख्या फ्रेमरेटमध्ये बदलून घेणं, हा त्यावरचा उपाय. अशा दोन-तीन नोंदी रिपोर्टमध्ये असल्या की लिहिणाऱ्याने फुटेज खरोखर पाहिलंय हे परीक्षकांना लगेच कळतं.

५. दोषापासून निर्णयापर्यंत: तलावपाळीचं उदाहरण

सगळ्या परीक्षणाचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ठाण्यातल्या निम्म्या स्टुडंट फिल्ममध्ये तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, असतेच. समजा तुमच्याही फिल्ममध्ये आहे: संध्याकाळ, कट्ट्यावर बसलेले बहीण-भाऊ, वडिलांच्या सुटलेल्या नोकरीबद्दल सहा वाक्यं. आणि रिपोर्टमध्ये तुम्ही लिहिलंत, 'तलावपाळीच्या सीनमध्ये आवाज खराब आला.' इथून मागे चालत जा.

आवाज खराब म्हणजे काय? टेक पुन्हा ऐका. बहिणीचा आवाज ठीक आहे, भावाचा लांबून येतोय आणि त्यावर रिक्षाचे हॉर्न आहेत. का? कॉलर माइक एकच होता, तो तिला लावला. मग वरून बूम (लांब काठीला लावलेला माइक) का नाही धरला? शॉट वाइड होता; मासुंदा तलाव आणि पलीकडचं गडकरी रंगायतन दोन्ही फ्रेममध्ये हवं होतं, बूम दिसला असता. बरं, हॉर्न एवढे का? रविवारची संध्याकाळ होती. रेकीला, म्हणजे आधी जागा पाहायला गेलात तेव्हा, हे कळलं नाही? रेकी मंगळवारी लेक्चर सुटल्यावर, अकरा वाजता झाली. फोटो काढले वीस, आवाज एकदाही रेकॉर्ड केला नाही.

आणखी मागे जा. सीन तिथेच का होता? ड्राफ्ट उघडा. पहिल्या दोन ड्राफ्टमध्ये हा संवाद बिल्डिंगच्या जिन्यात आहे. तिसऱ्यात तलावपाळी आली, कारण 'व्हिज्युअली भारी वाटेल'. सहा वाक्यांपैकी एकातही तलावाचा उल्लेख नाही. मग कुणी नको म्हटलं नाही? चॅटमध्ये सापडतं: साउंड बघणाऱ्या मुलीने रात्री साडेअकराला लिहिलंय, 'तिकडे आवाजाची वाट लागेल रे.' त्यावर दोन अंगठे आले आणि पुढच्याच मेसेजपासून चर्चा कपड्यांवर गेली.

खरी गोष्ट ही आहे. आक्षेप घेतला गेला होता, वेळेवर घेतला गेला होता, सगळ्यांनी वाचला होता. पण त्याला उत्तर देणं हे कुणाचंच काम नव्हतं. माइक एक असणं ही परिस्थिती होती; अंगठा दाखवून पुढे जाणं ही ग्रुपची सवय होती. परिस्थितीबद्दल फार लिहू नका, तिच्यावर तुमचा इलाज नव्हता. सवयीबद्दल लिहा.

आता दुसरी बाजू, कारण ती लिहिली नाही तर परीक्षण म्हणजे नुसतं रडगाणं होतं. आवाज बंद करून पाहिलंत तेव्हा हाच शॉट फिल्ममधला सगळ्यात देखणा निघाला होता. म्हणजे जागा चुकीची नव्हती. त्या जागेवर बोलायला लावणं चुकलं. वाइडमध्ये दोघं गप्प बसलेली आणि संवाद क्लोजअपमध्ये, असं तोडता आलं असतं. किंवा पॅकअपच्या आधी दोघांना बाजूच्या शांत गल्लीत नेऊन तीच सहा वाक्यं फक्त आवाजासाठी, कॅमेरा न लावता (वाइल्ड) घेता आली असती. नंतर बंद खोलीत केलेलं डबिंग वरून चिकटवल्यासारखं का वाटतं, याचंही उत्तर इथेच आहे: खाली घालायला तलावपाळीचा सुटा अँबियन्स नव्हता.

अशा साखळ्या फिल्ममध्ये दहा सापडतील. रिपोर्टसाठी तीन पुरे, त्यातली एक तरी जमलेल्या गोष्टीची असू द्या. जे जमलं ते का जमलं, हे शोधणं जास्त अवघड असतं.

परवानगीमुळे बदललेले शॉट असतील तर तेही याच पद्धतीने तपासा. स्टेशनवर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, आणि येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, म्हणजे तिथे वनविभाग. अर्ज न करता फोन खिशातून काढून घाईत घेतलेले शॉट हलतात, आणि मग रिपोर्टमध्ये त्यांना 'हँडहेल्ड स्टाइल' म्हटलं जातं. परीक्षक हसतात. परवानगी मागितली नव्हती, म्हणून दोन मिनिटांत उरकलं, असं सरळ लिहा.

६. ग्रुपची बैठक

आता एकत्र बसा. कॅफेत नको, कुणाच्या तरी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा घरी, जिथे लॅपटॉप टीव्हीला जोडता येईल. एकाने फक्त लिहायचं, आणि तो दिग्दर्शक नसावा.

एक नियम आधी ठरवा: बोलायचं ते शॉटबद्दल किंवा वेळेबद्दल, माणसाबद्दल नाही. 'तू नेहमीच उशीर करतोस' हे बाद. 'सीन तीनला आपण पावणेदोन तास बॅटरीसाठी थांबलो' हे चालेल. प्रत्येकाने आधी आपल्या खात्याबद्दल बोलायचं. साउंडवालीने साउंडबद्दल, आर्टवाल्याने आर्टबद्दल. दुसऱ्याने आपली चूक काढण्याआधी आपणच ती शॉट नंबरसकट मांडली की भांडणातली निम्मी हवा जाते. मतभेद मिटले नाहीत तर दोन्ही मतं लिहून ठेवा. 'शेवटचा शॉट कापावा असं एडिटरचं मत होतं, दिग्दर्शकाचं नव्हतं. शेवटी तो ठेवला' हे वाक्य रिपोर्टमध्ये शोभून दिसतं.

कामचुकारांचा प्रश्न येतोच. कुणीतरी दोनच दिवस आलेलं असतं आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव 'असोसिएट डायरेक्टर' म्हणून झळकतं. इथे भीड ठेवू नका, पण आवाजही चढवू नका. भिंतीवर एक तक्ता लावा: कोणतं काम, कुणी केलं, किती वेळ. रिकाम्या चौकटी आपोआप बोलतात. गंमत अशी की या तक्त्यात उलटंही दिसतं. जी मुलगी 'काही करत नव्हती' तिनेच सात घरी फोन करून लोकेशन मिळवलेलं असतं आणि ते कुणाच्या मोजणीत धरलेलं नसतं.

पैशाचं दहा मिनिटांत उरका. लेन्सचं भाडं, रिक्षा, वडापाव, चहा. कुणी किती भरले आणि कुणाचे अजून यायचे आहेत. फक्त एक आकडा रिपोर्टमध्ये घ्या: बजेटमध्ये नसलेला सर्वांत मोठा खर्च कोणता. बहुतेक वेळा तो प्रवासाचा असतो.

७. बाहेरचे डोळे

गोष्ट माहीत नसलेल्या चार-पाच जणांना फिल्म दाखवा. एखादी मावशी, शेजारचे काका, दुसऱ्या कॉलेजातला मित्र. 'कशी वाटली?' विचारलंत तर 'छान झालीय हो' हेच ऐकायला मिळणार. त्याऐवजी म्हणा, "काकू, काय झालं ते मला गोष्टीसारखं सांगा." त्यांनी भावाला नवरा समजलं असेल तर ते तुमच्या पहिल्या मिनिटाचं परीक्षण आहे. समजावून सांगू नका, लिहून घ्या. बघताना कुणी कोणत्या सेकंदाला फोन हातात घेतला तेही टिपा.

८. प्रत्येकाचं वैयक्तिक लेखन

ग्रुपचा रिपोर्ट एक, पण वैयक्तिक परीक्षण ज्याचं त्याने लिहायचं. चारच गोष्टी क्रमाने यायला हव्यात: काय ठरवलं, तेव्हा काय कारण होतं, पडद्यावर काय झालं, पुढच्या वेळी नेमकं काय करणार. 'अधिक काळजी घेईन' ही चौथी गोष्ट होत नाही.

साउंडवालीचा परिच्छेद असा होऊ शकतो: 'सीन ४ साठी (०३:१२ ते ०४:०५) मी एकच कॉलर माइक मागवला, कारण बजेट बैठकीत दुसऱ्याचं भाडं मला फाजील वाटलं. रविवारी संध्याकाळी लोकेशन गोंगाटाचं असेल हे मी आदल्या आठवड्यात ग्रुपवर लिहिलं होतं, पण उत्तर आलं नाही तेव्हा फोन करून पाठपुरावा केला नाही. परिणामी भावाची तीन वाक्यं डब करावी लागली आणि ती वेगळी ऐकू येतात. यापुढे रेकी शूटिंगच्याच वाराला, त्याच वेळेला करून दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करेन, आणि माझा आक्षेप कॉलशीटवर लिहून घेतल्याशिवाय लोकेशन पक्कं होऊ देणार नाही.'

यात टीमवर्क हा शब्द नाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बसल्यावर यातल्या प्रत्येक वाक्यावर प्रश्न येऊ शकतो आणि प्रत्येकाचं उत्तर तिच्याकडे फुटेजमध्ये आहे. एआयकडून लिहून घेतलेलं परीक्षण नेमकं इथे उघडं पडतं. त्याने तुमची सीन चारची क्लिप पाहिलेली नसते.

९. फाइल बंद करण्याआधी

मूळ फुटेज, प्रोजेक्ट फाइल आणि फायनल एक्सपोर्टच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. एक हार्डडिस्क ठाण्यातल्याकडे असेल तर दुसरी कॉपी वाशी-बेलापूरकडच्या कुणाकडे द्या किंवा क्लाउडवर टाका. ज्यांनी काम केलं, ज्यांनी घर दिलं, त्यांची संमतिपत्रं स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पार्श्वभूमीला एखादं सिनेमातलं गाणं वापरलं असेल तर वर्गात ते खपून जाईल, पण फेस्टिव्हलला पाठवताना हक्कांचा कागद मागतात, आणि गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा नि रेकॉर्डिंगचा वेगळा असतो. म्हणून संगीताशिवायचा एक एक्सपोर्ट आत्ताच काढून ठेवा. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडला की निम्म्या फायली ऑफलाइन दाखवतात.

आणि सगळ्यांच्या सात-आठशे शब्दांच्या परीक्षणांसोबत तो दोन रकान्यांचा कागद, साखळ्या आणि कामाचा तक्ता यांचे फोटो ज्युनिअरना देऊन टाका. पुढच्या वर्षीही कुणीतरी रविवारी संध्याकाळी तलावपाळीला संवाद लावणारच आहे. निदान दुसरा माइक तरी मागवतील.